लो बॉनेट आणि हाय बॉनेट

कल्याण सोडून लोकल विठ्ठलवाडीकडे निघाली की दोन्ही हातांना जे दाट शहर लागतं, ते ऐंशी वर्षांपूर्वी लष्कराची छावणी होतं. दुसऱ्या महायुद्धात वालधुनी नदीच्या काठच्या माळावर ती वसवली गेली. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसांची सोय होईल अशी तिची आखणी होती. २,१२६ बराकी आणि १,१७३ च्या आसपास क्वार्टर्स. मुंबई बंदरातून बोटीवर चढणाऱ्या किंवा बोटीवरून उतरलेल्या पलटणी इथे मुक्कामाला थांबत आणि पुढे जात. नाव साधं, कल्याण कॅम्प. उल्हासनगरमध्ये आजही पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतात, मग गल्ली, मग बराक.

याच वर्षांत, लेंड-लीजच्या, म्हणजे दोस्तांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या, करारातून, हिंदुस्थानातल्या फौजांकडे अमेरिकेहून एक लहान गाडी येऊ लागली. बिनदाराची, कॅनव्हासच्या टपाची, सपाट पत्र्याची जीप. पुढे आठ-दहा वर्षांनी तिची धाकटी बहीण आली, तीही अमेरिकीच. जुन्या जीपांच्या नादी लागलेल्या माणसांना ओळख पटायला एकच प्रश्न पुरतो, ‘लो बॉनेट की हाय बॉनेट?’ लो बॉनेट म्हणजे १९४१ ते १९४५ या काळातली युद्धातली गाडी, विलिसची एमबी किंवा फोर्डची जीपीडब्ल्यू. हाय बॉनेट म्हणजे १९५३ ची सीजे-३बी, जी आपण सगळे ‘महिंद्राची जीप’ म्हणून ओळखतो. या दोघींत थोर कोण, असं विचारलं तर जगभरचे संग्राहक लो बॉनेटकडे बोट दाखवतात. माझं मत दुसरीकडे झुकतं. त्याची कारणं कल्याणपासून निघणाऱ्या दोन रेल्वेमार्गांच्या आसपासच सापडतात.

आधी थोरलीचा जन्म पाहू. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला घाई झाली. घोडा आणि साइडकारची मोटरसायकल यांची जागा घेईल अशी हलकी, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी त्यांना हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायचा, ही अट वाचूनच बहुतेकांनी हात वर केले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी अमेरिकन बँटम नावाची एक डबघाईला आलेली लहान कंपनी होती. तिने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडा मांडला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी मेरिलँडमधल्या कॅम्प होलाबर्डच्या फाटकातून आत शिरली.

गाडी पसंत पडली, पण हजारोंच्या संख्येने ती बांधायची कुवत बँटमकडे नव्हती. लष्कराने तिचा आराखडा विलिस-ओव्हरलँड आणि फोर्डपुढे ठेवला. विलिस ही ओहायोतल्या टोलेडोची कंपनी. तिचा मुख्य अभियंता डेल्मार रूस याला सगळे बार्नी म्हणत. त्याने कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा एकेक भाग सुधारत त्याची ताकद ४८ अश्वशक्तीवरून ६० वर नेली होती. प्रतिस्पर्ध्यांची इंजिनं याच्यापुढे टिकली नाहीत. शेवटी विलिसचा नमुना मान्य झाला आणि जास्त गाड्या हव्यात म्हणून फोर्डलाही तोच बांधायला लावला. समोरची जाळी विलिस आधी लोखंडी पट्ट्या जोडून करत असे. फोर्डने ती एका पत्र्यावर ठोकून, नऊ उभ्या फटी पाडून केली. हलकी आणि स्वस्त, म्हणून पुढे विलिसनेही तीच घेतली. म्हणजे बँटमचा आराखडा, विलिसचं इंजिन आणि फोर्डचा चेहरा, असा हा तीन घरांचा वंश. युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे ३,६०,००० आणि फोर्डने सुमारे २,८०,००० गाड्या बांधल्या. बँटमच्या वाट्याला पुढे ट्रेलर बांधण्याचं काम आलं. पहिल्या आईला इतक्या लवकर बाजूला सारल्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

लो बॉनेट जवळून पाहिली की तिच्यातली हुशारी दिसते. ड्रायव्हरची गादी उचलली की खाली पेट्रोलची टाकी, तिथेच तोंड. म्हणजे पेट्रोल भरायला ड्रायव्हरला उठावंच लागतं. समोरची काच दोन तुकड्यांची, बॉनेटवर आडवी टेकवता येणारी. मागे फळका नाही. स्टेपनी आणि जेरीकॅन मागच्या पत्र्याला बांधलेले. हेडलाइट जाळीच्या आत दबलेले, आणि त्यांच्या बिजागरीला एक खुंटी. ती सैल केली की दिवा मागे फिरतो आणि इंजिनावर उजेड पडतो. अंधारात, माणूस एकटा असताना, हाताशी बॅटरी नसताना काय करायचं याचं उत्तर कुणीतरी कागदावरच काढून ठेवलं होतं. फोर्डने बांधलेल्या गाडीत आणखी एक खूण सापडते. जवळजवळ प्रत्येक भागावर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी एफ हे अक्षर ठोकलेलं असतं. सदोष भाग विलिसचा की आपला, हे कळावं म्हणून. आज एखादा संग्राहक तासन्‌तास चासीखाली आडवा पडून खरवडत बसलेला दिसला, तर तो हेच अक्षर शोधत असतो.

युद्ध संपलं आणि कॅम्प रिकामा झाला. १९४६ साली अमेरिका आणि हिंदुस्थान सरकारमध्ये लेंड-लीजचा हिशेब मिटला, उरलेला माल इथेच राहिला आणि त्याची विक्री सुरू झाली. ‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्याकडच्या गॅरेजांत तेव्हापासून रुळला. डिस्पोजलचा ट्रक, डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा तंबू. जीप लिलावात घ्यायची, जी चालत नाही तिचे भाग काढून जी चालते तिला लावायचे, हा धंदा तेव्हाच उभा राहिला.

नव्या सरकारलाही जीपची निकड होती. १९४८ साली, काश्मीरची लढाई सुरू असताना, लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कार्यालयाने जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा सौदा केला. आल्या त्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचं निघालं. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा आर्थिक गैरव्यवहार म्हणून ‘जीप प्रकरण’ संसदेत वर्षानुवर्षं गाजलं. युद्धातली गाडी शांततेच्या कामाला जुंपायची तर जुनी विकत घेऊन भागणार नाही, ती इथेच बांधावी लागेल, हे या प्रकरणाने चांगलंच दाखवून दिलं.

बांधायची तयारी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते आणि तिथे त्यांची गाठ बार्नी रूसशी पडली. हिंदुस्थानातल्या कच्च्या रस्त्यांना हीच गाडी हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. २ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी, भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली. पाटीवर नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

ज्या फाळणीने कंपनीचा एक भागीदार कराचीला नेला, त्याच फाळणीने कराची, हैदराबाद (सिंध), शिकारपूर इथली माणसं बोटींनी आणि आगगाड्यांनी मुंबईला आणली आणि पुढे या रिकाम्या बराकींत आणून सोडली. सुमारे एक लाख माणसं. छत्तीस हजार माणसांसाठी घातलेल्या छपरांखाली गोणपाटाचे, साड्यांचे पडदे लावून एकेका बराकीत कित्येक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. एका जीपच्या कारखान्याचा आणि एका शहराचा इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे. उल्हासनगरात मोठं झालेल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

महिंद्रांच्या जीपा सुरुवातीला सुट्या भागांच्या पेट्यांतून यायच्या आणि माझगावला जोडल्या जायच्या. पहिली तुकडी ७५ गाड्यांची होती. त्या काळी मुंबईत अमेरिकी गाड्या जोडणारे आणखीही होते. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला होती, फोर्डही मुंबईत होती, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ साली कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो उतरवायला सुरुवात केली होती. लांबरुंद, क्रोमने मढलेल्या या गाड्या पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या टॅक्सी म्हणूनही धावल्या. दिसायला त्या जीपपेक्षा कितीतरी देखण्या. पण १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सरकारला सांगितलं की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांना यापुढे थारा देऊ नये, इथे भाग बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर हळूहळू फियाटकडे वळली. महिंद्रांनी विलिसशी उत्पादनाचा करार केला आणि एकेक भाग इथे घडवायला घेतला. क्रोमवाल्या देखण्या गाड्यांची आज एखाद-दुसरी मिरवणुकीत दिसते. जीपची पिढी चालूच राहिली, ती या निर्णयामुळे.

जी जीप इथे घडवायला घेतली ती पुढे हाय बॉनेट ठरली. विलिसने युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी म्हणून १९४५ साली सीजे-२ए काढली होती. नऊ फटींच्या सात झाल्या, दिवे मोठे होऊन जाळीच्या बाहेर आले, मागे उघडणारा फळका आला, स्टेपनी बाजूला गेली. त्यानंतर १९४९ ची सीजे-३ए, तिची काच एकसंध. मग नवं इंजिन आलं, आणि अडचण झाली.

हा भाग नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण दोन्ही गाड्यांमधला सगळा फरक यातून निघतो. थोरलीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये बसतात. हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, दोघंही खाली. त्यामुळे वरचा हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, इंजिन बुटकं, बॉनेटही बुटकं. आत येणारी हवा मात्र वळसा घेऊन येते आणि ताकद अडते. रूसने नव्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला आणि धुराचा खालीच ठेवला. सिलिंडरचं माप तेच, २,२०० सीसीच्या आसपास. पण श्वास मोकळा झाला आणि साठ अश्वशक्तीच्या सत्तर-पंचाहत्तर झाल्या. बदल्यात वर रॉकर आले, त्यांच्यावर झाकण आलं, आणि इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. नवी बॉडी आखायला वेळ आणि पैसा लागला असता. विलिसने जानेवारी १९५३ मध्ये सरळ मार्ग घेतला. जाळी उंच केली, बॉनेट वर उचललं, बाकी सगळं जसंच्या तसं. त्याच वर्षी कैसर या मोटार कंपनीने विलिस विकत घेतली.

अमेरिकेत या उंच कपाळाच्या गाडीचं फारसं कौतुक झालं नाही. दोन वर्षांत गोल खांद्यांची सीजे-५ आली आणि गिऱ्हाइकांचं लक्ष तिकडे गेलं. सीजे-३बी तिथे १९६८ पर्यंत निघत राहिली, एकूण दीड लाखांच्या आसपास. तिला तात्पुरती जोडणी मानणारे अमेरिकी लेखक पुष्कळ आहेत. माझं म्हणणं असं की, ज्या उंचीची तिथे नाराजी होती तीच इथे उपयोगाची ठरली. बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा आहे. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, सगळं दिसतं आणि सगळ्याला पाना लागतो. आणि त्याच जागेत पुढे दुसरी इंजिनं बसली.

बाकी दोघींचा सांगाडा एकच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. पुढे-मागे पाट्यांवर टेकलेले सरळ एक्सल, तीन पुढचे गियर, आणि शेजारी दोन लहान दांडे. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो टाकायचा. लो टाकला की गियरची ताकद दोन ते अडीच पट होते आणि गाडी माणसाच्या चालीने चढ चढते. चिखलात रुतलेली जीप बाहेर काढताना क्लच सोडून, पेट्रोल न दाबता, तिच्या मनाने तिला चालू द्यायचं असतं. इंजिन कुरकुरतं पण बंद पडत नाही. एकदा हे पायाला कळलं की विसरत नाही.

बदलापूरच्या पुढे, बारवीच्या जंगलाकडे किंवा मुरबाडच्या अंगाने माळशेजकडे, पावसाळ्यात रस्ता कसा असतो हे ज्यांनी जुन्या काळी पाहिलं आहे त्यांना हाय बॉनेटचं मोल वेगळं सांगायला नको. तिचा खरा संसार याच वाटांवर झाला. १९५२ साली २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी आपल्या गावात आला तो जीपमधून. पाठोपाठ मलेरियाविरुद्ध डीडीटीची फवारणी करणारी माणसं आली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. तहसीलदार, फौजदार, पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर, वनखात्याचा रेंजर, निवडणुकीचा उमेदवार, सगळ्यांची गाडी एकच. ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर सरकार म्हणजे नेमकं काय, हे लोकांनी आधी पाहिलं ते धुरळा उडवत येणाऱ्या उंच कपाळाच्या गाडीच्या रूपात. पोरं तिच्यामागे धावायची, म्हातारी माणसं दारातून उठून उभी राहायची.

लष्करानेही जीप सोडली नाही. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले, ते परमवीर चक्राचे मानकरी झाले. पॅटन अमेरिकेचा, जीपचा वंशही अमेरिकेचा. उसाच्या शेतात लपायला ती बुटकी, हलकी गाडी उपयोगी पडली, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाच्या धैर्याला तोड नव्हती.

मग डिझेल आलं. पेट्रोल महाग होत गेलं तसं महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या परवान्याखाली बनणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपला बसवलं. खेड्यात ट्रॅक्टरचा मिस्त्री होता, म्हणजे जीपचाही झाला. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन इगतपुरीला बनू लागलं आणि एमएम ५४० आली. लांब चासीची कमांडर आली, तिला काळा-पिवळा रंग लागला आणि ती एसटी न पोहोचणाऱ्या गावांची सवारी झाली. आत दहा, मागे फळक्यावर चार, टपावर गवताचे भारे आणि कोंबड्यांच्या डालग्या. इतकी माणसं कोंबणं धोक्याचंच होतं आणि त्यात अपघातही झाले. पण दवाखाना आणि बाजार गाठायचा दुसरा मार्ग अनेक पाड्यांना नव्हता.

या सगळ्यात लो बॉनेट कुठे गेली? ती आपल्याच गॅरेजांत होती. डिस्पोजलमधून आलेल्या गाड्यांना अमेरिकी भाग मिळेनात, तेव्हा धाकटीचे भाग थोरलीला लागू लागले. सांगाडा एक असल्याने ते बसतही. गियरबॉक्स महिंद्राचा, पाटे इथल्या लोहाराने वाकवलेले, जुन्या इंजिनाच्या जागी ट्रॅक्टरचं किंवा प्यूजोचं डिझेल. आरसी बुकात फोर्ड लिहिलेलं आणि खाली निम्मी गाडी कांदिवली-नाशिकची. अंबरनाथमध्ये एका गॅरेजात मी अशी एक गाडी उघडलेली पाहिली आहे. मिस्त्रींनी तिचा फायरवॉलचा पत्रा पाठीमागे कापून, नव्या इंजिनासाठी खोबण करून, पुन्हा वेल्ड केला होता. वेल्डिंगची रेघ इतकी सफाईदार होती की बोट फिरवल्याशिवाय लागत नव्हती. ‘मूळ पत्रा जाड आहे, काका,’ ते म्हणाले, ‘म्हणून धरून राहिला. आताच्या गाडीला असं करायला गेलो तर पत्राच जळेल.’ त्यांनी आधीचे तुकडे टाकले नव्हते. भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवले होते.

अमेरिकेत विलिसचं नाव कैसरकडून अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ साली क्रायस्लरकडे, तिथून पुढे डेमलर आणि फियाटच्या हातून आजच्या स्टेलांटिसकडे गेलं. जीप हे नाव वंशाबरोबर चालत राहिलं, शरीर मात्र बदललं. इकडे शरीर तेच राहिलं आणि नाव बदललं. २०१० साली महिंद्रांनी थार आणली तेव्हा तिची बॉडी एमएम ५४० च्याच वळणाची होती, म्हणजे मागे मागे जात १९५३. २०२० साली नवी थार आली ती २ ऑक्टोबरला, कंपनीच्या स्थापनादिनी, आणि ती बनते नाशिकला. आणि २०१७ पासून अमेरिकी नाव लावणारी जीप कंपास पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनते. कल्याण जंक्शनवर रुळांच्या दोन वाटा होतात. कसाऱ्याच्या वाटेने इगतपुरी आणि नाशिक लागतं. अंबरनाथ, बदलापूर, कर्जतच्या वाटेने पुणं आणि पुढे रांजणगाव. १९४० साली बटलर गावात सुरू झालेल्या वंशाच्या दोन्ही शाखा आज या दोन वाटांच्या टोकाला नांदत आहेत.

मधे एक भांडणही झालं. २०१८ साली महिंद्रांनी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला, रॉक्सर नावाची गाडी आणली. रस्त्यावर चालवायची नाही, शेतात आणि रानात चालवायची, डिझेलची. फियाट क्रायस्लरने तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली की ही आमच्या जीपची नक्कल आहे, चौकोनी बॉडी, सपाट बाजू, सगळं आमचं. २०२० साली आयोगाने रॉक्सरची विक्री रोखली. महिंद्रांनी तोंडवळा बदलला आणि मगच ती पुन्हा विकायला परवानगी मिळाली. कायद्याच्या नजरेत आयोगाचं म्हणणं बरोबर असेल. पण ज्या गाडीचे साचे टोलेडोने टाकून दिले आणि माझगाव-कांदिवलीने दोन-तीन पिढ्या जपले, तिला नक्कल म्हणणं मला पटत नाही. ती वारसदार आहे, आणि इथल्या घरात तिने मूळ घरापेक्षा जास्त वर्षं काढली आहेत.

हेच हाय बॉनेटच्या बाजूने माझं खरं म्हणणं. लो बॉनेट युद्धासाठी जन्मली, पाच वर्षांत तिचं काम झालं. तिची कारागिरी अजोड आहे, तिच्यापुढे मी नेहमी थांबतो. पण धाकटीला कुणी एकट्याने रेखलं नाही. ती बदलत गेली, ज्याला जसं लागलं तसं त्याने तिला केलं, आणि त्या बदलांत एका प्रदेशाची सत्तर वर्षं नोंदली गेली. कुठलं इंजिन कधी बसलं यावरून पेट्रोलचे भाव, ट्रॅक्टरचा प्रसार, रस्त्यांची अवस्था वाचता येते.

म्हणून २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी केलेला नियम मला अपुरा वाटतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येतं, तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. वीस हजार रुपये नोंदणीचे, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार. रोजच्या वापरावर बंदी, प्रदर्शन आणि मिरवणुकीपुरती मुभा. सगळं ठीक. पण चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची व्याख्या आहे. या व्याख्येत आयात करून काचेच्या पेटीत ठेवलेली गाडी बसते. डिस्पोजलमधून आलेली, तीन इंजिनं बदललेली, मुरबाडच्या चिखलातून बाळंतिणी आणलेली गाडी बसत नाही. वापर आणि दुरुस्ती हाच जिचा इतिहास, तिला इतिहासातून वगळलं जातं.

उल्हासनगरला हे नवं नाही. बराकींच्या भिंती वाढल्या, वर मजले चढले, आणि न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश दिला तेव्हा २००६ साली विधिमंडळाला फक्त या शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो कायदा कितपत राबला यावर वाद आहे आणि धोकादायक इमारतींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण वाढत गेलेल्या घराला घर म्हणून ओळखण्यासाठी वेगळी तरतूद लागते, हे निदान तिथे मान्य झालं. गाड्यांच्या बाबतीतही तशी तरतूद हवी. बदल कोणत्या वर्षी झाला, कोणतं इंजिन गेलं, कोणतं आलं, काम कुठल्या गावात झालं, एवढी नोंद करून ‘बदललेली ऐतिहासिक गाडी’ असा वर्ग एमएच ०५ च्या, म्हणजे कल्याणच्या आरटीओ कार्यालयातही उघडता येईल. सुरक्षेची तपासणी कडक ठेवा, ब्रेक आणि स्टिअरिंगला सूट नको.

तोवर ज्यांच्या दारात अशी जीप उभी आहे त्यांनी जुनं आरसी बुक, डिस्पोजलची पावती, गॅरेजची बिलं, इंजिन बदलल्याचा आरटीओचा शिक्का, यातलं काही रद्दीत टाकू नये. मिस्त्रींना विचारून कापलेला पत्रा आणि काढलेले भागही मागून घ्यावेत, आणि त्यांचं नाव, गाव, वर्ष एका वहीत लिहून गाडीच्या कागदांबरोबर ठेवावं.